पद्मजाबाईंना देवी आल्या, त्याची गोष्ट

समाचाराचा हिशोब कुणी कागदावर मांडत नाही, म्हणूनच तो कुणी विसरत नाही. कोण कुणाच्या टायफॉइडला येऊन गेलं, कोण आलं पण उंबऱ्यावरूनच परतलं, कोण आलं, बसलं, पण मोसंबी न आणता बसलं, हे इंदूरच्या मराठी घरांत बायकांना तोंडपाठ असतं, आणि बायकांचं नाव पुढे करणाऱ्या पुरुषांना त्याहून जास्त. उसनं नेलेलं पीठ परत आलं नाही तरी चालतं. पण तुमच्या मूळव्याधीला आम्ही आलो आणि आमच्या मोडलेल्या हाताला तुम्ही फिरकला नाहीत, ही बाकी मुलाबाळांच्या नावावर चढते.

या खात्यात एक सोय मात्र मोठी आहे. ज्यांच्याशी बोलणं टाकलंय त्यांच्याकडेही आजारपणात जाता येतं. लग्नाला गेलं तर माघार घेतली असं होतं, सणाला गेलं तर लाज सोडली असं होतं. समाचाराला गेलं तर काहीच होत नाही. माणुसकी म्हणून आलो म्हणायचं, पलंगाशी बसायचं, पायावरचं पांघरूण जरा नीट करायचं. "चुकलं" हा शब्द दोघांपैकी कुणालाच उच्चारावा लागत नाही आणि भांडण मिटतं.

म्हणूनच, मध्य प्रदेश नवा नवा झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडाला फ्लूची साथ इंदुरात शिरली आणि रामबागेत दिनानाथ बक्षींच्या पत्नीला, पद्मजाबाईंना, ताप भरला, तेव्हा त्यांनी औषधाच्या आधी एक काम केलं. बेटम्याहून येणाऱ्या भाजीवालीला खिडकीशी बोलावलं आणि म्हणाल्या, "शंकररावांच्या घरावरून जातेस ना? सहज कानावर घाल, पद्मजाला ताप आहे म्हणून. मी सांगितलंय असं नको सांगू हो."

शंकररावांच्या घरी अक्का होती. अक्का म्हणजे अरुंधती, शंकररावांची बायको आणि पद्मजाबाईंची थोरली बहीण; आई गेल्यावर हिच्या वेण्या तिनंच घातलेल्या. पद्मजाबाईंच्या कमलच्या लग्नात मानाची साडी आधी अक्काला द्यायची, ती गडबडीत दिनानाथांच्या चुलतबहिणीला दिली गेली. अक्का जेवली, हसली, कमलला आशीर्वाद दिला, बेटम्याला गेली आणि गप्प झाली. आता कमलचं पोर चालायला लागलं होतं. एवढ्या काळात दोघी बहिणी एकमेकींची खबर भाजीवालीकडून काढत होत्या, आणि भाजीवाली दोघींना कोथिंबीर फुकट घ्यायला लावत होती. दोघींच्या अबोल्याचं ओझं तिच्याही डोक्यावर होतंच.

"अक्का येईल का हो?" पद्मजाबाईंनी उशीवर डोकं टेकत विचारलं.

"येईल की. तापात येतात सगळे," दिनानाथ म्हणाले. हे वाक्य इतकं खरं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

साथीबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळेच सांगत होते. ताप हाँगकाँगहून आला, जहाजातून मद्रासला उतरला आणि रेल्वेनं इकडे आला, इथवर एकमत होतं. पुढे पंथ पडत. अ‍ॅटमबाँबच्या चाचण्यांनी हवा नासली, हा एक. राजधानी इंदूरला न देता भोपाळला दिली त्याचे भोग, हा दुसरा. दिनानाथांच्या ऑफिसात हाच चालत असे. त्यांचे साहेब भोपाळला गेले होते, टेबलं जायची होती, आणि दिनानाथ कशात मोडतात याचा निर्णय व्हायचा होता. निम्मे कारकून तापानं घरी होते, उरलेले बदलीच्या धास्तीनं ऑफिसात येऊन कण्हत.

शेजारचे गजाननराव बिजलीघरातून रिटायर झालेले. त्यांना रोगही बिजलीसारखाच वाटे: कुठून तरी येतो, दिसत नाही, आणि वायर तोडली की थांबतो.

"भिया, मी सांगतो तुम्हाला," ते गळ्यातली कापराची पुरचुंडी हुंगत म्हणाले, "हवा साफ ठेवा. हवेचाच सगळा लफडा आहे."

"डॉक्टर म्हणाले आराम द्या."

"आराम तर आहेच हो. आम्ही बसतो ना त्यांच्याजवळ."

आणि बसले. सगळा मोहल्ला बसला. पहिल्याच दिवशी पद्मजाबाईंच्या खोलीत इतके लोक आले की ताप कुणाला आहे हे नव्यानं आत येणाऱ्याला विचारावं लागे. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी निलगिरीचं तेल. आपल्या मावससासूचं याच तापात कसं झालं हे एका बाईंनी इतकं तपशिलात सांगितलं की शेवटी "पण तुमचं तसं नाही होणार" हे म्हणायचं राहूनच गेलं. आणि येणारा प्रत्येक जण म्हणे, "चहाबिहा काही नको हं." याचा अर्थ मराठी घरात एकच होतो.

दिनानाथांनी चहा करून पाहिला. पत्ती आधी की साखर, इथंच ते अडले. पातेलं उतू गेलं, सांडशी सापडेना म्हणून धोतराच्या सोग्यानं धरलं, आणि जे कपांत उतरलं ते पाहुण्यांनी "वा, वेगळाच आहे," म्हणत खिडकीबाहेरच्या तुळशीला घातलं. मग आतून बांगड्या वाजल्या. अंगात फणफणता ताप घेऊन पद्मजाबाई भिंतीला धरत स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांच्या तापाची चौकशी करायला आलेल्यांसाठी त्यांनी आलं ठेचलं.

"बसून घ्या हो वहिनी, उगाच तकलीफ!" बाहेरून गजाननराव म्हणाले. "साखर जरा कम."

डॉक्टर आले ते हा मेळा बघून चिडले. "बक्षी, ही जत्रा बंद करा. निम्मे इथून ताप घेऊन जातायत, निम्मे आणून देतायत. यांना झोप नाही मिळाली तर छातीत उतरेल, मग माझ्याकडे नका येऊ."

छातीत उतरेल, हे शब्द दिनानाथांच्याच छातीत उतरले. बायकोवर त्यांचा जीव होता. तो दाखवायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती, पण दार अडवायची होती. त्यांचे आजोबा होळकरांच्या देवडीवर जमादार होते, आणि भल्याभल्या जहागीरदारांना त्यांनी उन्हात उभं केलं होतं. ते रक्त दिनानाथांनी गोळा केलं आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात उभे राहिले.

"झोपल्यात त्या."

"झोपू दे हो. आम्ही आवाज न करता बसतो," म्हणत लोक त्यांच्या काखेखालून आत गेले.

पहिल्या फटक्यातच देवडी पडली. आजोबांच्या हातात भाला असे, हे नातवाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी गजाननरावांच्याच सांगण्यावरून, हवा साफ राहावी म्हणून, दिनानाथांनी दारावर कडुलिंबाची एक डहाळी खोचली. यात त्यांचं पाप एवढंही नव्हतं. पण सकाळी दोन बाया समाचाराला आल्या, डहाळीकडे पाहून थबकल्या, चपला काढल्या, दाराला हात जोडले आणि एक अक्षर न बोलता उलट्या पावली गेल्या.

दिनानाथ खिडकीतून बघतच राहिले. मग उमगलं. माळव्यात दारावर कडुलिंब म्हणजे घरात माता. माता म्हणजे देवी. मोठ्या की लहान, ते ज्याचं त्यानं समजावं. आणि ज्या घरी आई शीतला पाहुणी आली, तिथं बाहेरचं माणूस पाऊल टाकत नाही.

माणसाला अडलेलं दार उघडायचा मंत्र मिळाला तर तो हरखतो. दिनानाथांना उघडं दार अडवायचा मिळाला होता. त्यांनी मागच्या झाडावर काठी चालवली आणि दाराची चौकट हिरवीगार करून टाकली. तोंडानं आपण एक शब्दही खोटा बोललेलो नाही, हे त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. झाडपाल्याचा लोक काय अर्थ लावतात, याला ते काय करणार?

घर शांत झालं. पद्मजाबाई दुपारभर झोपल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "आज कुणीच आलं नाही?"

"नाही," दिनानाथ अभिमानानं म्हणाले.

"अक्कासुद्धा?"

"अक्का आली तर मी सोडीन का? खिडकीतच बसलोय."

आणि ते खरंच बसले होते. त्यांचा बेत पक्का होता: सगळ्यांना लिंब, अक्काला दार. पण खोट्याचं एक असतं, घरच्या कुत्र्यासारखं ते सांगितलेल्या माणसालाच चावून थांबत नाही.

समोरच्या चंपाबाई म्हणजे मोहल्ल्याच्या धर्मखात्याच्या प्रमुख. त्या दुपारीच हातात गार पाण्याचा लोटा घेऊन आल्या आणि पायरीवर ओतून दिनानाथांवर ओरडल्या, "अरे भिया, माताजी पधारी हैं घर में, और तू चप्पल पेन के घूम रिया है? चूल्हे पे छौंक मत लगाना. दाढ़ी मत बनाना. समझा?"

दिनानाथ समजले. दाढी वाढू लागली. फोडणीशिवायचं वरण आणि शिळी पोळी ते जेवू लागले, कारण फोडणीचा वास समोर जाई. बाया दारात दही-भात ठेवून जात. कुणी हळद वाहिली, कुणी लिंबाखाली दोन विटा मांडून शेंदूर लावला. बक्षींच्या दारात ठाणंच झालं. येणारे-जाणारे दिनानाथांनाही हात जोडू लागले, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते आवडलंही. ऑफिसात जन्मभर तेच सगळ्यांना जोडत आले होते.

मग कुणीतरी भल्या माणसानं शहराच्या आरोग्यखात्याला कळवलं की रामबागेत देवी निघाल्या. फ्लूनं आधीच हैराण झालेले टीकेवाले, म्हणजे लस टोचणारे, आपल्या पेट्या घेऊन धावत आले आणि अख्ख्या गल्लीला टीका टोचून गेले. गजाननरावांचा दंड पावासारखा फुगला. "हवेचा लफडा म्हटलं होतं मी, हा सुईचा कुठून आला?" ते कण्हत होते. टीकेवाल्यांनी पद्मजाबाईंना पाहिलं, हात बघितले, पाठ बघितली. एक पुटकुळी नाही.

"ये क्या मज़ाक है?" असं म्हणून त्यांनी दिनानाथांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर राहायला सांगितलं.

तेव्हा पद्मजाबाईंना सगळं कळलं. ताप होता, पण डोळे जागे झाले. "अहो, काढा तो पाला! अक्का आली आणि तिनं हे बघितलं तर?"

दिनानाथ स्टूल घेऊन बाहेर गेले, पण समोरून चंपाबाईंची तोफ आली. "खबरदार! आई को ऐसे भगाते हैं? ठंडी पूजा होगी, फिर उतरेगा. बीच में उतारा तो सबके घर जाएगी." आजूबाजूच्या ओट्यांवरून साऱ्या गल्लीनं मान हलवली. तान्ह्या मुलांच्या आया तर हातच जोडून उभ्या राहिल्या. दिनानाथ स्टूल घेऊन आत आले.

"अक्का आली तर मी आहे खिडकीत," ते पुन्हा म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी ते खिडकीत नव्हते. ते आरोग्य-ऑफिसच्या बाकावर होते, कारण ज्या साहेबांनी बोलावलं ते स्वतःच तापानं उशिरा आले. आले ते नाकाला रुमाल लावूनच.

"बक्षीजी, केस दर्ज हो गई है."

"पण साहेब, देवी नव्हत्याच."

"देखिए, दर्ज केस या तो ठीक होती है, या... समझ लीजिए. 'थी ही नहीं' ऐसा खाना नहीं है."

"मग करा ना नवा रकाना."

"वो ऊपर से होगा." वर म्हणजे भोपाळ. "जवाब आने तक आपके घर में माता हैं, ऐसा मान के चलिए. और दाढ़ी... बनाइए चाहें तो. हमें ऐतराज नहीं."

कारकुनानं कारकुनाकडून असा मार खावा, याचं दुःख गिळत दिनानाथ घरी आले. पद्मजाबाई झोपल्या होत्या. गल्लीत सगळं सामसूम होतं. चंपाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं.

ते बोलणं निघालं चार-सहा दिवसांनी, ठंडी पूजा झाल्यावर. ताप उतरला होता, पद्मजाबाई ओसरीत उशीला टेकून बसल्या होत्या, आणि चंपाबाई पाला उतरवता उतरवता म्हणाल्या, "तेरी वो बहन बड़ी समझदार है. बेटमावाली. नाक तेरे जैसी ही है."

पद्मजाबाईंनी कप खाली ठेवला. "कधी आली होती?"

"जिस दिन भिया दफ्तर गए थे. पोटली ले के आई थी. मैंने कहा, माताजी हैं. पूछा, आँखें तो ठीक हैं? मैंने कहा, आई की मर्ज़ी. बोली, मेरे घर में बहू जच्चा है, अंदर कैसे जाऊँ. उधर खड़ी रही, धूप में. फिर हाथ जोड़ के गई."

दिनानाथ बोलायला गेले, पण बायकोचा चेहरा बघून थांबले. त्या रडत नव्हत्या. हसतही नव्हत्या, पण काहीतरी फिटल्यासारख्या दिसत होत्या.

"ती आली," त्या म्हणाल्या. "मोटारीनं आली, एवढ्या साथीत. आता माझी पाळी. लुगडं काढा माझं ते चांगलं."

"अगं, अंगात शक्ती कुठं आहे?"

"बसायचंच आहे ना मोटारीत?"

बेटम्याची मोटार अर्धी रिकामी होती. जी माणसं होती ती एकमेकांकडे पाठ करून खोकत होती. पद्मजाबाई वाटभर काय बोलायचं ते ठरवत होत्या. साडीचा विषय काढायचाच नाही, असं धारच्या रस्त्याला लागताना ठरलं. आधीच काढून टाकायचा, असं कलारियाच्या पुढे ठरलं. दिनानाथ नुसते हं म्हणत होते.

शंकरराव होळकरांच्या फौजेतून निघालेले, मिशा अजून पलटणीत असलेले गृहस्थ. दोघांना गल्लीच्या तोंडाशी बघताच ते ओट्यावरून उठले.

"तिथंच थांबा! पुढे येऊ नका. घरात बाळंतीण आहे."

"भाऊजी, मी बरी आहे आता. अक्काला भेटायचंय."

"अक्काला ताप आहे. आणि तुमच्या घरी आई आलेली. अजून महिना नाही झाला. तुम्ही जाणत्या आहात, पद्मजाबाई."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

दिनानाथांनी आयुष्यात एक गोष्ट नीट सांभाळली होती, ती म्हणजे चारचौघांतली पत. ती त्यांनी बेटम्याच्या त्या गल्लीत, चिखलात उभं राहून, टोपी काढून सोडली. "माता नव्हती!" ते ओरडले. "आमच्या घरी माता आलीच नव्हती, शंकरराव! साधा फ्लू होता. लिंब मी टांगला. लोक येऊ नयेत म्हणून टांगला. मी खोटं केलं!"

दारं उघडली. ओट्यांवर माणसं आली. एक म्हातारी म्हणाली, "हाय राम, आई के नाम का झूठ? ऐसा भी कोई करता है?" आणि कुणालाच ते खरं वाटेना. देवीच्या नावानं कुणी खोटं कसं बोलेल? दिनानाथ एकेकाकडे वळून शपथा घेऊ लागले. स्वतःला खोटारडा ठरवण्यासाठी कुणी एवढी मेहनत घेतलेली बेटम्यात कुणी पाहिली नव्हती.

शंकररावांना मात्र ते पटलं. मिशा खाली आल्या. ते चालत जवळ आले आणि दबल्या आवाजात म्हणाले, "ओरडू नका. आत ऐकू जाईल."

मग त्यांनी सांगितलं. इंदूरहून परतल्या दिवसापासून अक्कानं ऊन अन्न तोंडात घातलं नव्हतं. रोज पहाटे अनवाणी, पावसात, गावाबाहेरच्या शीतलामाईच्या ठाण्यावर गार पाण्याचा लोटा ओतायला जायची. पद्मावरची उतरू दे, डोळे राहू दे, डाग राहू देऊ नकोस. मग तिलाच ताप भरला. डॉक्टरनं गरम काढा दिला, शेक सांगितला. तिनं हात लावला नाही. पद्माची उतरल्याचं कळेपर्यंत गरम नाही, म्हणाली. आता तिच्या छातीत घुरघुर होती.

"जा आत," शंकरराव म्हणाले. "पण हे खरं आत नेऊ नका. एवढं माझं ऐका."

खोलीत अंधारून आलं होतं. अक्काचे ओठ सुकले होते, श्वास वर वर चालला होता. पद्मजाबाई पलंगाशी बसल्या, तशी तिनं डोळे उघडले आणि हात वर केला. बोटं बहिणीच्या कपाळावरून फिरली, गालांवरून, हनुवटीखालून, मानेवरून. मग दंड चाचपले. मग पापण्यांवर अंगठा टेकवून ती थांबली.

"दिसतंय?"

"सगळं दिसतंय, अक्का."

"एक डाग नाही गं."

"नाही."

"मी आले होते दाराशी."

"कळलं मला."

"आईनं ऐकलं माझं," अक्का म्हणाली, आणि इतकी निवांत हसली की दाराशी उभ्या असलेल्या दिनानाथांनी तोंड उघडलं. ते अजून बाहेरच्याच आवेशात होते. खरं सांगायची त्यांना आता सवय लागली होती. पद्मजाबाईंनी मागं न बघताच त्यांच्या दिशेनं तळहात केला. तोंड मिटलं.

"तुझंच ऐकलं, अक्का. मला तर लोक म्हणत होते, वाचत नाही. एका सकाळी बघितलं तर सगळ्या सुकलेल्या."

"कधी?"

"तू लोटा घातलास ना, तेव्हाच."

अक्कानं मान हलवली. हिशोब तिच्याशी जुळत होता. मग तिनं काढा मागितला. गरम. पद्मजाबाईंनी चमच्यानं पाजला. थोडा आत गेला, थोडा ओघळला. साडीचा विषय निघालाच नाही.

पुढच्या बाजाराच्या आधी अक्का गेली. पद्मजाबाई तोवर तिथंच राहिल्या. तिला नेताना माणसं कमी पडली, साथच तशी होती. दिनानाथांनी खांदा दिला तो शेवटपर्यंत बदलला नाही.

परतीच्या मोटारीत शेजारच्या बाकावर धारकडची एक म्हातारी होती. पद्मजाबाईंना बघून बघून तिनं शेवटी विचारलं, "कौन था, बेटी?"

"बहीण. थोरली," पद्मजाबाई म्हणाल्या. "मला माता आली होती. तिनं आपल्या अंगावर घेतली."

म्हातारीनं हात जोडले. मग, अशा गोष्टी घरच्या पुरुषाकडून पक्क्या करून घ्याव्यात म्हणून, ती दिनानाथांकडे वळली. "सच्ची, भैया? माता आई थी?"

पद्मजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हाँ, माँजी," दिनानाथ म्हणाले. "आई थी. बहुत ज़ोर से आई थी."